आप्पासाहेबांसाठी पोकलेन

२९ जून

नाशिकचं लग्न उरकून आम्ही नवरा-बायको दुपारी परत आलो. श्यामने गाडी लावली, मी सवयीने कोपऱ्याकडे बघितलं, तर कोपरा मोकळा. झाडलेला, धुतलेला, वर चुन्याची रेघ. ताडपत्रीसुद्धा नाही.

वॉचमन म्हणाला, "परवा स्वच्छता मोहीम झाली ना मॅडम. साहेबांनी पार्किंगमधलं सगळं भंगार काढायला सांगितलं."

"आणि माझं मशीन?"

"ते पण त्यातच गेलं."

आयटीआयमध्ये जन्मभर मुलांना यंत्रांची चित्रं काढायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर ठरवलं, चित्रातलं एक तरी यंत्र आपल्या हाताने करायचं आणि हलवायचं. म्हणून ते पोकलेन. आपल्या सोफ्याएवढं लांब. वायपरच्या मोटरवर फिरणारं धड, सायकलच्या चेनचे पट्टे, पुढे लोखंडी बकेट. खरंखुरं खणायचं. माती उचलायची, गर्रकन वळायचं, टाकायची. तीन वर्षं लागली होती.

तशीच आप्पासाहेबांकडे गेले. चेअरमनसाहेब झोपाळ्यावर बसले होते.

"या पद्मजाताई. चहा घेणार? ते खेळणं होय! अहो, आधी बोलला असतात तर बाजूला ठेवलं असतं. बोर्डावर नोटीस होती की."

"आम्ही नाशिकला होतो."

"मग त्यात नोटिशीचा काय दोष?"

चहा घेतला नाही.

३० जून

वडगावच्या भंगारवाल्याकडे सापडलं. बूम, म्हणजे बकेट धरणारा लांब हात, मधोमध वाकलेला, पट्टे कापलेले, मोटरी उपटून वेगळ्या टोपलीत टाकलेल्या. त्या टोपलीतल्या मोटरी तर विकल्याही गेल्या होत्या. त्याने वजनावर घेतलं होतं, मी वजनावर परत घेतलं. एका बाजूने श्यामने धरलं, एका बाजूने मी, आणि घरात आणलं. जेवणाच्या टेबलावर ठेवलंय. आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवलो.

१ जुलै

आप्पासाहेब जिन्यात भेटले. "सापडलं म्हणे खेळणं? बघा, जिथल्या तिथे असतं सगळं." हसले.

मी पण हसले. या माणसाला मी सोडणार नाही. कसं ते माहीत नाही. पण सगळ्यांसमोर, आणि याच मशीनने.

१२ जुलै

बुधवार पेठेत दिवस गेला. आफताबच्या दुकानातून मी आधीही मोटरी घेतल्या होत्या. त्याला फोटो दाखवला, तर त्याने काउंटरवर हातच टेकले.

"काय हो मॅडम, पुलावरून पडलं का?"

"आमच्या चेअरमनने टाकलं."

"मग आता जास्त ताकदीची देतो. आधीची माती उचलायची, ही वीट उचलेल."

"वीट उचलून काय करू?"

"ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला. मला तो माणूस आवडतो.

घरी आल्यावर श्यामने विचारलं, "पूर्वीसारखंच करतेस ना?"

"नाही. थोडं जोरदार."

"माती तर तीच आहे."

मी नव्या मोटरी पिशवीतून काढून टेबलावर मांडल्या.

२० जुलै

बूम सरळ होत नाही. ठोकला की दुसरीकडे वाकतो. नवाच करायला हवा. लेझरने पत्रा आणि जाड अ‍ॅक्रिलिक कापून देणारं कुणीतरी नारायण पेठेत आहे असं कळलं, तिथे गेले. दुकान म्हणजे एक लांबडी खोली, आणि आत एक मुलगी. मुलगी म्हणजे तिशीची असेल. अवनी नाव. इमारतींची छोटी मॉडेल्स करते, बिल्डर लोकांसाठी. भिंतीला लागून इवल्या इवल्या गाड्या, बाकं, दिव्याचे खांब. तिच्या दोन बोटांना चिकटपट्टी होती.

माझं ड्रॉइंग तिने उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली, "काकू, हे हाताने काढलंय? मापांचे बाण इतके सुंदर मी कधी बघितले नाहीत."

मला एकदम बरं वाटलं. महिन्यात पहिल्यांदा.

"कशासाठी करताय?"

"शाळेच्या प्रदर्शनासाठी," मी म्हणाले. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. पण खरं सांगण्यासारखं तरी काय होतं?

३ ऑगस्ट

सर्वसाधारण सभा. पुनर्विकासाचं पक्कं झालं. आमच्या चार मजली जुन्या इमारती जाणार आणि एकच भलामोठा मनोरा उभा राहणार. घटस्थापनेला भूमिपूजन. श्यामने हात वर करून विचारलं, "इमारत अजून उभी आहे. भूमी कुठली पुजणार?" लोक हसले. आप्पासाहेब म्हणाले, "भावना समजून घ्या साने."

मग म्हणाले, त्या दिवशी नव्या इमारतीचं मोठं मॉडेल मांडवात ठेवणार. "माझं स्वप्न आहे ते. झोपताना डोळ्यांसमोर तेच असतं." आवाज खरंच कापरा झाला त्यांचा.

घरी येईपर्यंत माझं सगळं ठरलं होतं. श्यामला वाटलं सभेत मला कंटाळा आला. मला आयुष्यात इतका कमी कंटाळा कधी आला नव्हता.

४ ऑगस्ट

मांडणी अशी. त्यांनी माझं मोडलं. त्यांच्या स्वप्नासमोर त्यांना उभं करायचं, शाल घालून. आणि माझ्या बकेटने ते स्वप्न खाली आणायचं. वरच्या मजल्यापासून.

१७ ऑगस्ट

नवा बूम बसला. अवनीने कापलेल्या पट्ट्या एकमेकींवर अशा बसल्या की मध्ये कागद जाणार नाही. पण बकेट शेवटच्या क्षणी खालच्या बाजूला लचकतं. बूम आणि बकेट सुटं करून पुन्हा तिच्याकडे गेले. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं, गुडघ्यावर बसली, बकेट दहावीस वेळा हलवून बघितलं.

"काकू, पिनचं भोक मोठं झालंय. पितळी बुश घाला, पिनभोवती घट्ट नळी बसेल. मी कापून देते."

ती बुश कापत असताना मी उभी होते. मागच्या टेबलावर एक उंच इमारत आकार घेत होती, नुसते पांढरे मजले. ती म्हणाली, "हे माझं आतापर्यंतचं सगळ्यात मोठं काम. तुमच्याच बाजूला आहे, सिंहगड रोडला. पार्टीने नाव सांगायचं नाही म्हणून बजावलंय. घटस्थापनेला द्यायचंय. हे जमलं की पुढची दोन कामं माझी. झाडं मी बाजारातली नाही लावणार. तांब्याच्या तारेची करते, एकेक."

मी म्हणाले, "बुश नीट घट्ट बसेल ना?"

"तुम्ही ओढलंत तरी निघणार नाही."

घरी येऊन बसवला. खरंच लचकत नाही.

२४ ऑगस्ट

आज विटांचा ढीग रचून बघितला. गच्चीवर. बूम वर, धड फिरवायचं, बकेट खाली. पहिल्या झटक्यात तीन विटा. श्याम वाळत घातलेले कपडे काढायला आला होता. दाराशी उभा राहून बघत होता.

"हे खणण्याचं नाही, पाडण्याचं यंत्र झालंय."

"पोकलेन दोन्ही करतं."

"तू हे मशीन त्या माणसासाठी करतेयस, पद्मा. आधीचं तू तुझ्यासाठी केलं होतंस."

मी म्हणाले, "तुला टाळ्या वाजवायच्या नसतील तर कपडे घेऊन जा." कपडे घेऊन गेला. नंतर वाईट वाटलं, पण तेवढ्यापुरतंच.

८ सप्टेंबर

विसर्जन झालं, रस्ते मोकळे झाले. आज आप्पासाहेबांकडे गेले. यावेळी चहा घेतला. त्यांना सांगितलं, माझं मशीन दुरुस्त झालंय, भूमिपूजनाला पहिली माती त्याने उचलली तर? मांडवात मातीचा ट्रे ठेवू. बकेट माती घेईल आणि वळून तुमच्यापुढच्या ताम्हनात टाकेल. पेपरवाले येतील.

पेपरवाले म्हटल्यावर झोपाळा थांबला.

"ताई, तुमचं मन मोठं आहे हो. मला वाटलं होतं तुम्ही मनात धरून बसलात."

"छे."

"आणि मशीनच्या शेजारी मॉडेल ठेवू. फोटोत दोन्ही येतील."

मी सुचवायला गेले होते ते त्यांनीच सुचवलं. जिना उतरताना मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

१६ सप्टेंबर

अवनीचा फोन आला. बुश कसा आहे विचारायला. बाकी काही काम नव्हतं. म्हणाली, "झाडं झाली सगळी. आता आई म्हणते, मी पण येणार बघायला. तिने माझं काम कधी बघितलंच नाहीये लागलेलं." मी शुभेच्छा दिल्या. तुमचं प्रदर्शन कधी विचारलं तिने. मी म्हणाले, याच सुमारास.

ठेवताना ती म्हणाली, "काकू, फोटो पाठवा हं."

आज हाताला काम सुचत नाहीये. बॅटरी चार्जिंगला लावून पडून राहिले.

२१ सप्टेंबर

सगळं तयार. श्यामला सांगितलं, उद्या पुढे बस. तो म्हणाला, "मी मागे बसतो. मागून लवकर निघता येतं."

२२ सप्टेंबर

झालं. क्रमाने लिहिते.

मांडव झेंडूने भरलेला. स्टेजवर डावीकडे मॉडेल, बुटक्या टेबलावर, माझ्या कमरेच्या खालून सुरू होऊन खांद्यापर्यंत. आत दिवे लावलेले. खाली बाग, बागेत झाडं. फोटोसाठी वरची काचेची पेटी काढून ठेवली होती. उजवीकडे मातीचा ट्रे. मध्ये माझं मशीन. आप्पासाहेब शाल घालून, हातात ताम्हन धरून, अगदी मी मनात बघितलं होतं तसे.

नारळ फुटला. मी रिमोट हातात घेतला. बकेट खाली गेलं, माती घेतली, वर आलं, वळलं, आप्पासाहेबांच्या ताम्हनात अलगद टाकली. एक कणही बाहेर नाही. टाळ्या. "वा वा, पुन्हा एकदा!" फोटोवाला ओरडला.

पुन्हा एकदा.

बकेटने माती घेतली. वळलं. ताम्हनापाशी थांबलं नाही. आप्पासाहेबांचे हात पुढे आले आणि तसेच राहिले. मी बूम पूर्ण वर घेतला आणि खाली आणला.

आवाज मोठा झाला नाही. कडकड असा, पापड मोडल्यासारखा. वरचे मजले दिव्यांसकट खाली आले. मी धड मागे फिरवून पुन्हा आणलं. मग मधले मजले. कुणीतरी किंचाळलं. आप्पासाहेबांचं तोंड उघडं होतं आणि ताम्हन वाकडं होऊन माती त्यांच्या शालीवर सांडत होती. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? गेल्या तीन महिन्यांत मी यासाठीच उठत होते. मी त्यांच्याकडे बघून म्हणाले, "बोर्डावर नोटीस लावायची राहिली." बहुतेक त्यांना ऐकू गेलं नाही, गलका फार होता.

मग स्टेजच्या कडेने एक मुलगी वर आली. जांभळी साडी, केसांत गजरा. चपला काढून वर आली आणि गुडघ्यावर बसली. आधी वायर ओढून दिवे बंद केले. मग झाडं गोळा करायला लागली. एकेक करून, ओंजळीत.

अवनी.

खाली पहिल्या रांगेत एक बाई उभी होती. साधी, हातात फुलांची पुडी. तिला काय झालं ते समजत नव्हतं. शेजारणीला विचारत होती, "हा कार्यक्रमातला भाग आहे का?"

अवनीने वर बघितलं. माझ्याकडे नाही, मशीनकडे. बूमवर, पिनवर, स्वतः कापलेल्या बुशवर तिची नजर फिरली. मग माझ्याकडे. ओंजळ घेऊन उतरली.

आणि आप्पासाहेब? त्यांनी शाल झटकली, माइक घेतला आणि म्हणाले, "काही नाही, काही नाही! बसा सगळे! बाईंचा हात चुकला. वयाचा प्रश्न आहे, सांभाळून घेऊ." मग बिल्डरच्या माणसाकडे वळून, माइकवरच, "पण मॉडेल फारच तकलादू केलंय बुवा. खेळण्याने पडलं! खरी इमारत अशी नको हं!"

सगळे हसले. जेवणाची पानं मांडली गेली.

ती इमारत अवनीची होती हे मला तेव्हाच कळलं. आधी माहीत नव्हतं. हे मी लिहून ठेवते.

२३ सप्टेंबर

दूध आणायला गेले. चार जणींनी थांबवून धीर दिला. "होतं हो असं." "रिमोटचं काय खरं नसतं." एकीने तर बीपीची गोळी बदलून घ्या म्हटलं.

मी म्हणाले, "मुद्दाम पाडलं मी."

ती हसली आणि म्हणाली, "तुमचा विनोद मात्र कायम असतो."

२५ सप्टेंबर

बिल्डरच्या ऑफिसात गेले. मॅनेजरला सांगितलं, मॉडेल उत्तम होतं, मी ठरवून पाडलं, बकेट विटा पाडण्याइतकं जोरदार केलं होतं, त्या मुलीचा काही दोष नाही. त्याने पाणी दिलं.

"मॅडम, आप्पासाहेबांनी आम्हाला सांगितलंय, विषय वाढवायचा नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"पण तिचं पुढचं काम?"

"ते आता दुसरीकडे दिलं. मजबूत करणारे आहेत एक."

"मी खरं सांगतेय."

"हो हो," तो म्हणाला. दारापर्यंत सोडायला आला, हाताला धरून. पायरीवर मी पडेन अशी त्याला भीती वाटत होती.

एवढा सूड घेतला आणि तो मी घेतला हे कुणी मानायला तयार नाही. आप्पासाहेब संध्याकाळी घरी पेढे घेऊन आले. श्यामने दार अर्धंच उघडलं आणि पेढे दारातच घेतले.

मी विचारलं, "तू तरी मानतोस ना?"

"मी गच्चीवर बघितलं होतं पद्मा," तो म्हणाला. "तेव्हा हात धरायला हवा होता. मी कपडे घेऊन खाली गेलो."

२६ सप्टेंबर

'आधी माहीत नव्हतं' हे वाक्य आज पुन्हा वाचलं. सिंहगड रोड, घटस्थापना, उंच पांढरी इमारत. यातलं काय मला कळायचं राहिलं होतं? मला आयुष्यभर अर्ध्या ड्रॉइंगवरून पूर्ण यंत्र ओळखता आलं आहे.

वाक्य खोडत नाही. तसंच राहू दे.

२८ सप्टेंबर

टेम्पोत मशीन घातलं आणि नारायण पेठेत गेले. दुकान उघडं होतं. मोडकी इमारत एका खोक्यात, झाडं दुसऱ्या खोक्यात. अवनी जमिनीवर बसून पट्ट्या निवडत होती. चांगल्या एकीकडे, चिरलेल्या एकीकडे.

"काकू."

"मी सगळं करून देते. रोज येते. कापणं, चिकटवणं, सांगशील ते."

"माझ्या कामाला हात लावायचा नाही."

आवाज चढला नाही तिचा. मला वाटलं होतं चढेल. त्याची तयारी करून गेले होते.

"बिल्डरला मी सांगितलं की..."

"कळलं मला. त्यांनी फोन केला होता. म्हणाले, म्हातारी बाई भ्रमिष्टासारखं बोलत होती, तूच पाठवलंस का?" तिने एक चिरलेली पट्टी बाजूला टाकली. "आईला अजून वाटतं चुकून झालं. तुमच्यासाठी देवापुढे दिवा लावला तिने, की बाईंना बरं वाटू दे. पण तुमचा हात चुकत नाही. तुमचं ड्रॉइंग बघितलंय मी."

टेम्पोवाल्यांनी मशीन आत आणून ठेवलं. भिंतीला एक हातोडा टांगलेला होता. मी तो काढून तिच्यासमोर ठेवला.

"फोड. तुला हवं तसं. मी इथेच उभी राहते."

तिने हातोडा बघितला, मशीन बघितलं. उठली. मला खरंच वाटलं की आता. मी डोळे मिटून घेतले, आणि सांगू का, मला सुटल्यासारखं वाटलं.

काहीच आवाज आला नाही. डोळे उघडले तर तिने हातोडा परत खिळ्याला लावला होता.

"फिट्टंफाट करायला आलात ना? मी फोडणार, तुम्ही बघणार, मग दोघी मोकळ्या. नाही करायची मला फिट्टंफाट." ती पुन्हा खाली बसली. "चांगलं मशीन आहे. घेऊन जा. चालवत बसा."

"अवनी..."

"टेम्पो थांबलाय काकू."

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी सोसायटीतले सगळे खाली गाड्यांना हार घालत होते. आप्पासाहेब वर आले, दोन पोरांना घेऊन. "ताई, मशीन खाली न्यायचं! यंत्राचा दिवस, आणि आपला शुभारंभ यानेच केला!" मी नाही म्हणाले. मान दुखते म्हणाले. तोवर पोरांनी उचललं होतं.

पार्किंगच्या त्याच कोपऱ्यात ठेवलं. आप्पासाहेबांनी स्वतः बूमला झेंडूचा हार घातला, बकेटला कुंकू लावलं. म्हणाले, ही जागा आता मशीनचीच, इमारत पडेपर्यंत कुणी हलवायचं नाही. मला आपट्याचं पान दिलं आणि वाकून नमस्कार केला. सगळ्यांसमोर. त्यात काही ढोंग नव्हतं. तेच फार वाईट होतं.

"चालवा ना काकू!" पोरं ओरडली.

श्याम जिन्यात उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने नजर वळवली नाही, पण मदतीलाही आला नाही.

मी रिमोट घेतला. बूम वर गेला. धड फिरलं. बकेट उघडलं, मिटलं, हार हलला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आप्पासाहेबांनी सगळ्यात जोरात. पोरं म्हणाली पुन्हा, मी पुन्हा चालवलं. कुठे खडखड नाही, कुठे लचक नाही. इतकं चांगलं चालणारं मशीन माझ्या हातून आयुष्यात दुसरं झालेलं नाही.